शाळेच्या दारात आजी-आजोबाही पालकच



आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात शाळेचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु ज्या घरांत नातवंडांचा सांभाळ आजी-आजोबांकडे आहे, त्या घरांत शाळेविषयीची नाराजी ही प्रकृतीचीही बाब झालेली असते. आई-वडील पुण्या-मुंबईस नोकरीला किंवा दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. गावात राहिली ती दोन म्हातारी माणसे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी दोन मुले. चौथीतल्या नातवाला धड वाचता येत नाही, ही गोष्ट आजोबांना रोज दिसते. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तुम्ही जरा शाळेत जाऊन विचारा ना." आजोबा जातात. तेथे त्यांना सांगितले जाते, "पालकांना पाठवा." पालक तर दोनशे कोसांवर. मग तो राग घरी येतो आणि कधी नातवावर, कधी सुनेवर, तर कधी स्वतःच्याच छातीवर बसतो.

आजचे हे लेखन अशा आजी-आजोबांसाठी आहे, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांसाठीही आहे. सांगायचे ते एवढेच की, ज्याच्या सांभाळात मूल आहे तो कायद्याने पालक आहे, त्याच्या तक्रारीला स्थान आहे, आणि ती तक्रार योग्य शब्दांत योग्य ठिकाणी पोहोचली तर आपला जीवही हलका होतो आणि मुलाचे वर्षही वाचते.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'पालक' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मुलाची देखभाल व ताबा ज्या व्यक्तीकडे आहे ती व्यक्ती त्या व्याख्येत येते. म्हणजे नातू वर्षभर किंवा ऊसतोडीचे सहा महिने आपल्या घरी जेवतो-निजतो, आपणच त्याला शाळेत पाठवता आणि दवाखान्यात नेता, तर "खरे पालक आणा" असे म्हणून आपल्याला दारातून परतवणे योग्य नव्हे. हे वाक्य मनात पक्के ठेवावे. भांडणासाठी त्याचा उपयोग करायचा नाही. शांतपणे खुर्चीवर बसून बोलण्याचे बळ त्यातून घ्यावयाचे आहे.

याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. नियमित व वेळेवर शाळेत येणे, ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगणे, ही ती कर्तव्ये होत. १७ व्या कलमान्वये मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. तेव्हा "माझ्या नातवाला कोणता धडा येतो व कोणता येत नाही, ते मला सांगा," असे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. ज्याचे उत्तर शिक्षकाने देणे अपेक्षित आहे असाच तो प्रश्न आहे.

२१ व्या कलमाने प्रत्येक शासकीय व स्थानिक संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे आवश्यक केले आहे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. बऱ्याच गावांत या समितीची बैठक सह्यांच्या वहीपुरती उरलेली असते, आणि तसे होण्याचे एक कारण म्हणजे विचारणारे कोणी समोर बसलेले नसते. गावातील आजी-आजोबांपाशी वेळ असतो, अनुभव असतो आणि गावाची ओळख असते. त्यांनी पालकसभेला येऊन बसण्याचा नुसता परिपाठ ठेवला तरी शाळेच्या वागण्यात फरक पडतो.

प्रथम मुलाकडे पाहावे

शाळेवर बोट ठेवण्यापूर्वी आपण मुलाकडे नीट पाहिले पाहिजे. हा आरोग्याचा भाग आहे आणि तो नेमका घाईत निसटतो.

जे मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून आणते, पुस्तक नाकाजवळ धरते, डोळे बारीक करून पाहते, त्याला चष्म्याची गरज असू शकते. हाक मारली तरी वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, वारंवार सर्दीने कान वाहतो, अशा मुलाच्या कानांची तपासणी करून घ्यावी. सतत मरगळ, फिकट चेहरा, माती खाण्याची सवय, ही रक्तक्षयाची किंवा जंतांची चिन्हे असू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. आपल्या नातवंडाची ती तपासणी झाली का, पुढे पाठवण्यास सांगितले होते का, हे शाळेत विचारावे. राहून गेली असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. चष्मा लागल्यावर महिन्याभरात वाचू लागलेले मूल पाहिले, म्हणजे त्याच्यावर आणि त्याच्या शिक्षकावर काढलेला राग किती व्यर्थ होता ते कळते.

दुसरी खूण पोटाची. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, रात्री अंथरूण ओले होते, दप्तर पाहताच चेहरा उतरतो, अशा वेळी मुलाला नाटकी म्हणू नये. त्याला खरोखरच दुखत असते. एकदा डॉक्टरांना दाखवावे, आणि मग शांत वेळी, अंगणात किंवा जेवताना, सहज विचारावे: शाळेत शेजारी कोण बसते? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळतोस? गुरुजी रागावतात तेव्हा काय करतात? मूल उत्तर देण्यास वेळ घेते. आपण तो वेळ द्यावा.

मारहाण, किंवा अंगाला नकोसा स्पर्श होत असल्याचे मुलाने सांगितले, तर पुढे सांगितलेल्या पायऱ्या चढत बसू नये. मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करावा, आणि लैंगिक त्रासाची बाब असेल तर थेट पोलिसांकडे जावे. तेथे वयाचा, ओळखीचा, गावकीचा विचार आड येऊ देऊ नये.

वाचता येते का, हे घरीच पाहता येते

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशभरातील ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होते. 'असर' या नावाने ती ओळखली जाते. २०२४ च्या पाहणीत देशातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हा आपले नातवंड मागे असेल तर ते एकटे नाही. त्यात त्याची लाज नाही आणि आपलीही नाही.

या पाहणीची रीत इतकी साधी आहे की ती घरीही वापरता येते. मुलापुढे आधी अक्षरे, मग सोपे शब्द, मग चार वाक्यांचा पहिलीचा उतारा आणि शेवटी दुसरीची छोटी गोष्ट ठेवावी. जेथे ते अडते, ती त्याची आजची पायरी. त्याकरिता बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तके पुरतात. ज्या आजीला स्वतःला वाचता येत नाही, तिनेही संकोच करू नये. मुलाला पुस्तक सुरुवातीपासून वाचू न देता मधलेच पान उघडून द्यावे. पाठ केलेले असेल तर ते तेथे थबकते. खरे वाचता येत असेल तर अडखळत का होईना पुढे जाते. हा फरक ऐकून ओळखता येतो. हे सारे खेळीमेळीने व्हावे, परीक्षेसारखे नको. तारीख घालून दोन ओळी कोणाकडून तरी लिहून ठेवाव्यात. पुढे शाळेत बोलताना याच दोन ओळी आपल्या कामी येतात.

नाराजीला नेमके रूप द्यावे

शाळेविषयीची नाराजी आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, ते व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य या नात्याने दिले होते. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांवर त्यांनी कठोर टीका केली. परंतु ते नुसते त्रागा करून थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित नाहीत, त्यांचा पगार अपुरा आहे, शाळा तपासणारी यंत्रणा सदोष आहे, शेतीची व स्वच्छतेची माहिती अभ्यासात हवी, बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशा एकेका मुद्द्यावर त्यांनी बोट ठेवले. वर्गात काय चुकते आणि वर्गावर देखरेख करणाऱ्यांचे काय चुकते, हे दोन्ही त्यात होते. तक्रार कशी मांडावी याचा धडा आजही त्यातून घेता येतो.

"मास्तर काही शिकवतच नाहीत" या वाक्याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. त्यावर फक्त भांडण होते. त्याऐवजी असे म्हणावे: "जून ते सप्टेंबर या काळात तिसरीच्या गणिताच्या वहीत सहाच पाने लिहिलेली आहेत. वजाबाकी अजून झालेली दिसत नाही. ती केव्हा शिकवली जाईल?" "शाळेचा कारभारच बिघडला आहे" असे म्हणण्याऐवजी विचारावे: "शिक्षकाची जागा दिवाळीपासून रिकामी आहे. मुख्याध्यापकांनी वर कोणत्या तारखेला कळवले? पत्राची प्रत पाहावयास मिळेल का?" पहिल्या प्रकारच्या वाक्याने समोरचा माणूस दुखावतो, दुसऱ्या प्रकारच्या वाक्याने त्याला उत्तर द्यावे लागते.

येथे शिक्षकांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. म्हणजे एकेका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात. लहान शाळेत मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद नसते. त्यांतलाच एक शिक्षक तो भार वाहतो. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, माहिती भरणे, निवडणुकीची कामे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे २७ वे कलम सांगते; तरीही तक्रार राहतेच. म्हणून पहिल्या भेटीत एक प्रश्न अवश्य विचारावा: "गुरुजी, आपली अडचण काय आहे?" कित्येकदा असे आढळते की गुरुजींची अडचण आणि आपली तक्रार एकाच वरच्या कार्यालयात अडकलेली आहे. मग अर्जावर दोघांचेही म्हणणे एकत्र जाऊ शकते, आणि त्याचे वजन वाढते.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

पहिली पायरी वर्गशिक्षक, दुसरी मुख्याध्यापक. तेथे समाधान झाले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेण्यास सांगावे आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला का ते पाहावे. त्यानंतर केंद्रप्रमुख, पुढे पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. शहरात महानगरपालिकेची शाळा असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाकडे जावे.

३२ व्या कलमाप्रमाणे मुलाच्या शिक्षणहक्कासंबंधी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, आणि संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत तिचा निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. एखादी नोंद किंवा पत्र दाखवण्यास टाळाटाळ होत असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करता येतो. साधारणतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

अर्ज एका पानाचा असावा. मुलाचे नाव व इयत्ता, आपले नाते, मूल आपल्या सांभाळात आहे हे एक वाक्य, घडलेल्या गोष्टी तारखांसह, आणि अखेरीस आपले मागणे काय आहे ते स्पष्ट. दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का, तारीख व सही घ्यावी. चार घरचे पालक एकत्र येऊन सह्या करीत असतील तर अधिक चांगले. एका कुटुंबावर रोष ओढवण्याची भीती त्याने कमी होते. गावात राहूनच हे करावयाचे असते, उद्या त्याच शिक्षकाच्या हाताखाली नातू बसावयाचा असतो, ही काळजी खरी आहे. म्हणूनच भाषा सौम्य आणि कागद पक्का असावा.

तोवर आपली प्रकृती

रागाच्या भरात शाळेची पायरी चढू नये. राग आला की नाडी वाढते, रक्तदाब चढतो, शब्द सुटतात आणि मुद्दा मागे पडतो. भेट दुसऱ्या दिवशी सकाळची ठरवावी. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या ठरल्या वेळी घेऊन, न्याहारी करून निघावे. तालुक्याच्या कार्यालयात साहेब येईपर्यंत दोन-तीन तास बसावे लागू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी पाण्याची बाटली, थोडे खाणे आणि घाम-थरथर झाल्यास तोंडात टाकावयास साखर किंवा गोळी जवळ ठेवावी. एकटे जाऊ नये. बरोबर कोणी असले की आठवणीत राहते आणि धीरही राहतो. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, धाप, गार घाम असे काही झाले तर "संतापाने झाले असेल" म्हणून घरी येऊन पडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रात्री याच विचाराने झोप लागत नसेल, तर निजण्यापूर्वी उद्याचे एकच काम कागदावर लिहावे आणि तो कागद दप्तराशेजारी ठेवावा. विचाराला जागा मिळाली की त्याचे घिरट्या घालणे पुष्कळ कमी होते.

दूर असलेल्या मुला-सुनांनाही एक विनंती. "शाळेत जाऊन या" एवढे सांगून फोन ठेवू नका. अर्ज आपण लिहून पाठवा, मुख्याध्यापकांशी फोनवर आपण स्वतः बोला, आणि "आमच्या गैरहजेरीत मुलाचा सांभाळ हे करतात" असे पत्र सही करून आई-वडिलांच्या हाती ठेवा. निकालाच्या दिवशी "तुमच्याकडे राहून पोरगा मागे पडला" हे वाक्य त्यांना ऐकवू नका. त्याने जो घाव बसतो तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी: शिक्षकांविषयीचे कडू बोल मुलासमोर काढू नयेत. ज्यांच्यासमोर दिवसाचे पाच तास बसायचे, त्यांच्याविषयी घरी तुच्छता ऐकली तर मूल दोन्हीकडून पोरके होते. तक्रार मोठ्यांनी मोठ्यांपाशी करावी. मुलाशी संध्याकाळी वीस मिनिटे बसून त्याच्या वहीतले एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. शाळेची उणीव त्याने पुरती भरून येणार नाही. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत मुलाचा हात सुटत नाही.

महाराष्ट्रातील शाळांत १० सप्टेंबर हा आजी-आजोबा दिवस म्हणून साजरा करण्याचे शासनाने २०२३ साली ठरवले. त्या दिवशी गुलाबाचे फूल घेऊन, टाळ्या घेऊन आपण परत येतो. त्या दिवशी ज्या दारातून आदराने आत नेले जाते, त्याच दारातून एरवीही, हातात वही घेऊन, आपल्याला आत जाता आले पाहिजे.

या पंधरवड्यात एवढे करावे. नातवंडाच्या डोळ्यांची व कानांची तपासणी झाली आहे का ते पाहावे. पुस्तकाचे मधले पान उघडून त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि तारीख लिहावी. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष कोण आहेत आणि पुढची पालकसभा केव्हा आहे, एवढे शाळेत विचारून यावे. तिसऱ्या कामासाठी जाल तेव्हा काठी, चष्मा आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. आणि बसावयास खुर्ची मागून घ्या.